वाडा गार करायचा आहे, पण कंत्राट कुणाला द्यायचं?

पत्राचा गोषवारा: पुण्यात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं माहेर वाईला. कृष्णेच्या घाटापासून थोड्या अंतरावर दोन मजली, चौकाचा वाडा. काळ्या दगडाचं जोतं, दीड-दोन फुटी विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब-तुळया, वर कौलं. ऐंशी पार केलेली आई आणि तिच्या सोबतीची एक बाई, एवढीच माणसं आता तिथं राहतात. उन्हाळ्यात घर तापतं, आईला रात्री झोप लागत नाही आणि एप्रिल-मेमध्ये वीज साडेचारशे युनिटांपर्यंत जळते. आई मागच्या अंगाच्या पत्र्याच्या खोलीत झोपते, कारण संडास-बाथरूम तिला लागून आहे. माकडं आणि पावसाची झड नको म्हणून सहा वर्षांपूर्वी चौकावर पारदर्शक पत्रे टाकले. लहानपणी हेच घर मे महिन्यातही गार असायचं, असंही ताई लिहितात. भाऊ अमेरिकेत, मिनेसोटात. खर्च तो करणार आहे आणि त्याचं म्हणणं, ‘एकदाच काय ते घर इन्सुलेट करून हवाबंद करा, सोलर टाका.’ ओळखीच्या कंत्राटदाराने एका पानावर 31 लाखांचा आकडा लिहून दिला आहे. त्यात कौलं काढून पफ पॅनेलचे (मधे फोम भरलेले) पत्रे, जुना गिलावा खरवडून सिमेंटचं प्लास्टर, पीओपीचं छत, यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) सरकत्या खिडक्या, पाच एसी आणि छपरावर सोलर एवढं धरलं आहे. निम्मे पैसे आधी हवेत. 51 हजारांचं टोकन देऊन झालं आहे. ताई विचारतात: ‘हा माणूस योग्य आहे हे कसं ओळखायचं? मी पुण्यात, भाऊ परदेशात, कामावर लक्ष कसं ठेवायचं? वारसा जपायचा की आईला गारवा द्यायचा, यात काय निवडायचं? आणि दिलेलं टोकन परत मागायचं का?’

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे त्यावर उभे आहेत. वारसा की गारवा, असा पेच तुमच्यासमोर नाही. घर लहानपणी गार होतं, हे तुम्हीच लिहिलंय. भिंती त्याच आहेत, तुळया त्याच आहेत. मग मधल्या काळात बदललं काय? तुमच्या पत्रात ते दोनदा आलंय, पण कारण म्हणून नाही, जाता जाता. चौकावर पारदर्शक पत्रे, आणि आई झोपते त्या खोलीवर पत्रा.

चौक हे वाड्याचं धुराडं असतं. दिवसभर तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि रात्री गार हवा खाली उतरून ओसरीवर, सोप्यावर, माजघरात पसरते. त्यावर पारदर्शक पत्रा टाकला की ऊन आत येतं, फरशी तापते आणि ताप बाहेर पडायला वाट उरत नाही. पाचगणीच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीची पॉलिहाउस पाहिली असतील. तुमच्या चौकात सहा वर्षं तेच चाललंय, फक्त स्ट्रॉबेरी नाही. आईच्या खोलीचं तर सांगायलाच नको. पत्रा दुपारी हात लावू देत नाही, आणि त्याखाली पोकळी नाही, माळा नाही, काही नाही. वाड्यातली सगळ्यात गरम जागा घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या वाट्याला आली, तीही बाथरूम जवळ म्हणून. माझ्या मते तुमचं पहिलं काम एसीचं नाही. माजघराला लागून आईसाठी एक नीट बाथरूम करायचं आणि तिचा पलंग जाड भिंतींच्या खोलीत आणायचा. पाच एसींच्या खर्चापुढे हे किरकोळ आहे. एक अट मात्र पाळा: नव्या बाथरूमचं पाणी जुन्या भिंतीत मुरता कामा नये. शक्य असेल तर जुन्या भिंतीपासून किंचित सुटी, स्वतंत्र भिंत घ्या.

हे मी पत्रावरून सांगतेय, प्रत्यक्ष वाडा पाहिलेला नाही. म्हणून काहीही फोडण्याआधी घराची मोजणी करा. साधे डिजिटल तापमान-आर्द्रता मापक आणून पाच ठिकाणी टांगा: आईची खोली, माजघर, वरचा दिवाणखाना, माळा आणि बाहेर सावलीत. सोबतीच्या बाईंनी दुपारी तीनला, रात्री दहाला आणि पहाटे आकडे वहीत लिहायचे. दोन आठवड्यांत चित्र दिसेल. माजघर बाहेरच्यापेक्षा दुपारी गार असेल तर भिंती त्यांचं काम करतायत. दीड-दोन फुटी भिंतीतून दुपारचा ताप आत पोचायला रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. पहाटेही माजघर तापलेलंच राहत असेल तर हवा कोंडतेय, हे कळतं. मग चार दिवस चौकावरचे दोन-चार पत्रे काढून पुन्हा मोजा. या प्रयोगाला मजुरीपलीकडे खर्च नाही. 31 लाखांच्या कंत्राटापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता तुमच्या बंधूंचं म्हणणं. ते चुकीचं नाही, चुकीच्या गावाचं आहे. मिनेसोटात बाहेर शून्याखाली वीस अंश असताना आतली ऊब बाहेर निसटू द्यायची नसते. तिथली भिंत लाकडी सांगाड्याची, त्यात इन्सुलेशन भरलेलं आणि फटी बुजवलेल्या, म्हणून घर चालतं. वाईला वर्षातले बरेच महिने आतली गरम आणि दमट हवा बाहेर घालवायची असते. कौलांच्या सांधीतून, माळ्याच्या झरोक्यातून, खिडकीच्या वरच्या झडपेतून ती जाते. त्या फटी म्हणजे तोटा नाही. घर हवाबंद केलं की एसी लावावाच लागतो, आणि एसी बंद असला की बसवत नाही. तरी बंधूंचा मुद्दा एका खोलीपुरता मान्य करा. ज्या खोलीत एसी लावाल, ती खोली दार-खिडक्यांच्या फटी बुजवून चांगली बंद करता आली पाहिजे. पण ती एक खोली, अख्खा वाडा नव्हे.

कंत्राटदाराच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते सिमेंटचं प्लास्टर. गारव्याशी त्याचा काय संबंध, असं वाटेल, पण आहे. जुन्या भिंतीखाली ओल अडवणारा थर नसतो. पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो आणि दिवाळीपर्यंत भिंत कोरडी होते. त्यावर सिमेंट बसवलं की ओल बाहेरून अडते, भिंतीतच वर सरकते आणि आतल्या बाजूने किंवा तुळईच्या टोकापाशी फुटते. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा उष्णता लवकर आत सोडते, म्हणजे गारव्याच्या बाजूनेही नुकसानच. तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं. बाहेरून ती ठणठणीत दिसते, रंगही चांगला असतो. भिंतीला लागून असलेल्या वीतभर भागात जाडसा स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सागवान चांगलं असेल तर टोक जेमतेम रुतेल. बोटभर आत गेला आणि तपकिरी भुसा आला तर टोक कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. सिमेंटच्या प्लास्टरनंतर काही वर्षांनी बऱ्याच वाड्यांत हेच होतं, आणि तेव्हा दोष वाड्याच्या वयाला दिला जातो.

शिवाय सगळा गिलावा काढायची गरजच नसते. बोटाच्या पेराने भिंत ठोकत चला. भरीव आवाज आला तर हात लावायचा नाही. बद्द, पोकळ आवाज आला तिथं खडूने रेघ मारायची. तेवढाच भाग काढून चुन्याने भरायचा. अंदाजपत्रकातला केवढा तरी भाग इथंच गळून पडेल.

खिडक्यांचंही तेच. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी साधारण निम्मीच उघडते. तुमची सागवानी दारं सताड उघडतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 साली नव्या घरांसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यातही जमिनीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडणाऱ्या खिडक्या किमान किती हव्यात, याचं बंधन आहे. नव्या घराला जे सांगावं लागतं ते तुमच्या जुन्या घरात आहे, आणि ते काढून टाकायला तुम्ही पैसे मोजणार आहात. झडपा दुरुस्त करा, बिजागऱ्या बदला, आतून डासांच्या जाळीची झडप बसवा. पीओपीचं छत तर नकोच. त्याने कडीपाट (तुळया-फळ्यांचं लाकडी छत) झाकला जातो, वरची गळती आणि वाळवी तुळई वाकेपर्यंत दिसत नाही.

कौलं ठेवा. त्यांखाली वासे-रिपांच्या आतल्या बाजूने चमकदार फॉइलचा थर, कौलात आणि त्यात दोन-तीन इंच हवेची पोकळी ठेवून लावता येतो. पोकळी हवीच, फॉइल कौलाला चिकटलं की निम्मा उपयोग गेला. माळ्याच्या जमिनीवर, कडीपाटाच्या वर पूर्वी मातीचा थर असायचा. कुठे तो काढून टाकला असेल तर पुन्हा घालण्याचा विचार करा, मात्र वजन पेलतं का हे तपासूनच. ही कामं पुढे कुणाला नको वाटली तर काढताही येतात, आणि जुन्या घराच्या कुठल्याही कामाला मी हीच कसोटी लावते. वर्षाची शाकारणी, म्हणजे कौलं परतून नीट लावणं, चुकवू नका. माकडांसाठी चौकावर पत्र्याऐवजी लोखंडी जाळी बसते, आणि पावसाच्या झडीसाठी ओसरीच्या कडेला गुंडाळता येणारे पडदे.

एवढं केल्यावर विजेचं बघू. साधा जुना पंखा 75 वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॉटच्या. तीन पंखे दिवसाचे अठरा तास चालत असतील तर महिन्याला सत्तरच्या वर युनिट नुसते पंखे बदलून वाचतात. एसी लागलाच तर एक, चांगल्या स्टारचा, इन्व्हर्टर, आईच्या नव्या खोलीत, पंख्यासोबत 26 अंशांवर. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोच सांगतो. एसीच्या पाण्याची नळी मात्र कुठे सोडतायत ते डोळ्यांनी पाहा. जोत्यावर टपटपणारी ती नळी भिंतीचं वाटोळं करते, आणि हे मी फार घरांत पाहिलंय.

सोलर शेवटी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला कमाल 78 हजार रुपये अनुदान आहे. म्हणून विक्रेते सरसकट तीन किलोवॉट गळ्यात मारतात. एक किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात आणि शंभरेक चौरस फूट जागा लागते. घरात दोन माणसं, आणि वापर आधी खाली आणलाय, तर दोन किलोवॉटही पुरेल. ते कौलांवर बसवू नका. वजनापेक्षा वाऱ्याने खालून उचललं जाणं वाईट, आणि शाकारणीला वर चढणारा माणूस पाय ठेवणार कुठे? मागे संडास-बाथरूमचा स्लॅब असेल तर तिथं बसवा, त्याची ताकद अभियंत्याला दाखवून. आणि त्याआधी वायरिंग. लाकडी पट्टीवरच्या जुन्या तारा, सागवानाला खेटून, त्यावर एसीचा भार, ही आगीला पायघडी आहे. अर्थिंग, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), महावितरणकडून मंजूर भार वाढवणं, हे सगळं परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच, आणि त्याचा चाचणी अहवाल हातात घेऊन.

आता माणसं कशी निवडायची. तुम्ही विचारलंय, हा कंत्राटदार योग्य आहे का. बंगले, स्लॅब, कंपाउंडसाठी तो चांगला असेलही. पण दुखणं काय आहे हे ठरवणारा आणि औषध विकणारा एकच असला की औषध मोठंच निघतं. त्याला लबाड म्हणायची गरज नाही. त्याला जे येतं ते त्याने लिहिलंय. तेव्हा आधी निदान करणारा शोधा: जुन्या इमारतींचं काम केलेला संवर्धन वास्तुविशारद, आणि लाकडी सांगाडा समजणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. वास्तुविशारदाची नोंदणी 1972 च्या कायद्याखाली वास्तुकला परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. इंटॅक ही संस्था 1984 पासून वारसा जपण्याच्या कामात आहे, तिच्या पुणे शाखेकडे कुणाची नावं सुचवता येतील का, हे विचारता येईल. फी दोन तुकड्यांत ठरवा. पाहणी, मोजमाप, अहवाल आणि बाबनिहाय अंदाजपत्रक यांची ठोक रक्कम. पुढे देखरेखीची फी भेटीनुसार. कामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर फी ठरली की खर्च कमी करणाऱ्या सल्लागाराचीच फी कमी होते. असं कुणालाही अडचणीत टाकू नये.

मग कंत्राटदार. तीन जणांकडून दर मागवा, पण तिघांना एकच अंदाजपत्रक देऊन, नाहीतर तुलना कशाची करणार? गिलावा चौरस फुटाने, लाकूड घनफुटाने, कौलं नगावर, रंग वेगळा, परांची वेगळी, जीएसटी धरून की सोडून, हे प्रत्येक ओळीत. जुन्या घरात एक अडचण कायम राहते: भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे कळत नाही. कंत्राटदार तिथंच ‘एक्स्ट्रा’ लावतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. उपाय असा की, कुजलेलं तुळईचं टोक बदलायचा दर आधीच ठरवून ठेवायचा आणि किती टोकं निघाली ते उघडल्यावर दोघांनी मिळून मोजायचं. एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के तुमच्याकडे बाजूला ठेवा आणि त्याचा उच्चार कंत्राटदारासमोर करू नका.

‘चुन्याचं काम येतं का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘दोन-तीन पावसाळे खाल्लेलं तुमचं चुन्याचं काम दाखवा.’ तिथं जाऊन मालकांशी एकटं बोला. आणि मिस्त्रीला भेटा. सही करणारा आणि थापी धरणारा ही वेगळी माणसं असतात. जाणता मिस्त्री तुमच्या प्रश्नांना उत्तरं देण्याआधी स्वतःच विचारायला लागतो: चुना विझवून ठेवायला हौद कुठं मिळेल, वाळू कुठली आणणार, ऊन लागणाऱ्या भिंतीला गोणपाट कोण लावणार, पाणी कोण मारणार. ज्याला काहीच विचारायचं नाही त्याच्या मिश्रणात ‘लवकर धरतं म्हणून थोडं सिमेंट’ पडणार, हे धरून चाला. काम देण्याआधी मागच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फूट नमुना करून घ्या, त्याचे पैसे द्या आणि महिनाभर सुकू द्या. पसंत पडला तर पुढचं सगळं काम त्या नमुन्यासारखं व्हायला हवं, असं करारात लिहा.

करार हवाच, ओळखीत तर जास्तच हवा. निम्मे पैसे आधी देऊ नका. सामान आणायला दहा टक्के पुरेत, पुढचं बिल मोजमापावर, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर. या शेवटच्या अटीवर कुरकुर होईल. थोडं खाली-वर करा, पण पावसाळा सोडू नका. गळतीचा निकाल जुलैत लागतो. कामगारांचा विमा कुणी उतरवायचा तेही लिहा, कारण कौलांवरून माणूस पडतो. आणि एक ओळ जी जवळजवळ कुणीच घालत नाही: निघालेलं सगळं जुनं सामान मालकाचं. सागवानी कड्या, नक्षीचे ब्रॅकेट, पितळी कड्या-कोयंडे, जुनी कौलं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक नगावर क्रमांक टाकून फोटो काढा. ‘डेब्रिज आम्ही उचलू’ या वाक्यात अख्खा जिना उचलला गेल्याची उदाहरणं आहेत.

परवानग्यांचं थोडक्यात. घर वारसा यादीत आहे का, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारा. असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी मंजुरी लागते. वाचकांपैकी कुणाचं घर शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या दोनशे मीटरांतही परवानगी घेऊनच काम. चुलत भावंडांचा हिस्सा असेल तर त्यांची संमती आज घ्या. चौकात परांची उभी राहिल्यावर भाऊबंदकीला ऊत येतो.

देखरेखीबद्दल तुमची कल्पना अशी दिसते की, रोज फोटो आले की लक्ष राहिलं. रोजचे शंभर फोटो येतील आणि त्यात पाहण्यासारखं काही नसेल. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी पाहणं, म्हणजे देखरेख. तुमच्या कामात असे थांबे मोजकेच आहेत. कौलं उतरवून वासे उघडे पडल्यावर; गिलावा काढून वीट दिसू लागल्यावर; तुळईच्या टोकाला औषध मारून भिंत बुजवण्याआधी; वायरचे पाइप झाकण्याआधी; फॉइल लावून कौलं परत चढवण्याआधी. या प्रत्येक थांब्याला वास्तुविशारद किंवा अभियंता प्रत्यक्ष हजर हवा. तो येऊन वहीत सही करेपर्यंत पुढचं काम नाही आणि पुढचा हप्ताही नाही. हे करारात लिहिलेलं असेल तरच चालेल. फोटो मागवायचेच तर टेप धरून काढलेले मागवा, नाहीतर भेग बोटभर आहे की केसाएवढी, कळत नाही.

आठवड्यातून एकदा जाऊन येणारा स्थानिक माणूसही लागेल. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर वाई-साताऱ्याकडे सापडतात. भेटीगणिक मानधन द्या. नातेवाइकाला फुकट सांगू नका. फुकट आलेल्याला जाब विचारता येत नाही.

आणि हुकूम एकाच माणसाचा. सकाळी तुम्ही पुण्याहून एक सांगणार, रात्री बंधू अमेरिकेतून दुसरं, आणि मधे मिस्त्री आईला विचारणार, ‘आजी, हे काढू का?’ आई म्हणणार, ‘काढ बाबा.’ झालं. बदल फक्त तुमच्याकडून, फक्त लेखी, व्हॉट्सॲपवर चालेल. बंधूंना आठवड्याचा हिशेब आणि वहीतली पानं पाठवा. पैसे त्यांचे आहेत, त्यांना ते कळलं पाहिजे. आईला कामाच्या काळात हलवणार नसाल तर वाडा निम्मा-निम्मा करून घ्या. आधी माजघर आणि बाथरूम, ती तिकडे स्थिर झाली की मागचं.

वेळापत्रक ऋतूवर बेता. हा उन्हाळा मोजणीत आणि चौक मोकळा करण्यात जाऊ दे. पावसाळ्यात अहवाल, अंदाजपत्रक, दर, करार, आणि गळती कुठे होते त्याच्या खुणा. दिवाळीनंतर चुना. मार्चच्या आत गिलावा संपवा. कडक उन्हात चुना भराभर सुकतो आणि भेगाळतो.

राहिलं टोकन. 51 हजारांसाठी ओळख तोडू नका आणि ओळखीसाठी 31 लाखही अडकवू नका. बाथरूम, सेप्टिक टँकची जोडणी, मागच्या स्लॅबची दुरुस्ती ही कामं त्या कंत्राटदाराला येतात. त्याला सरळ सांगा, ‘वाड्याचं निदान आम्ही वेगळ्या माणसाकडून करून घेतोय, आईचं बाथरूम मात्र तुम्ही करा, टोकन त्यात वळतं करू.’ बाथरूमचंही बाबनिहाय कोटेशन घ्या. आज संध्याकाळीच हे बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 51 हजार मिळाल्याची पोच त्याच मेसेजखाली मागून घ्या. पोच यायला वेळ लागला तर वाड्याच्या बाकीच्या कामात त्याला दर भरायला बोलवायचं की नाही, तेही तिथंच ठरेल.